सीडीची दोषदुरुस्ती : थोडे कौतुक, थोडी तक्रार

कॉम्पॅक्ट डिस्कविषयी, म्हणजे आपल्या ओळखीच्या सीडीविषयी, विद्यार्थ्यांसाठी जे सोपे लेखन होते त्यात एक वाक्य हमखास सापडते : ‘सीडीवरील आवाज शून्य आणि एक या अंकांत साठवलेला असतो, त्यामुळे तो बिघडत नाही.’ या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चूक आहे, आणि मधला ‘त्यामुळे’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. अंकांत साठवलेली माहितीही बिघडते. सीडीवरची तर सारखी बिघडत असते. सीडी वाचताना दर सेकंदाला ७३५० छोटे गट वाचले जातात. त्यांना आपण चौकटी म्हणू. सीडीच्या मूळ मानकाप्रमाणे यांपैकी सरासरी २२० चौकटींत काही ना काही चूक निघाली तरी ती तबकडी चांगली समजायची असते. म्हणजे शंभरात तीन! ज्या कारकुनाच्या वहीत शंभरातल्या तीन नोंदी चुकतात त्याच्या हाती आपण शाळेचा हिशेब देणार नाही. तरी त्याच तबकडीतून निघणारे गाणे मात्र आपल्याला निर्दोष ऐकू येते.

हे कसे साधते आणि ज्या रीतीने साधते तिच्यात खोट कोठे आहे, हे दोन्ही येथे पाहायचे आहे. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या रचनेचे परीक्षण करू. पहिला सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. आज गाणी ऐकण्याचे साधन म्हणून सीडी मागे पडली आहे, तेव्हा हा विषय शिळा वाटेल. पण सीडीत जी युक्ती घरोघर पोहोचली, ती म्हणजे दुरुस्तीच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती एकमेकींना जोडण्याची, ती आजच्या साठवणीच्या साधनांतही वेगवेगळ्या रूपांत दिसते. शिवाय स्नेहसंमेलनाचे ध्वनिमुद्रण, जुन्या शिक्षकांच्या मुलाखती, मुलांनी गोळा केलेली लोकगीते अशा कितीतरी गोष्टी शाळांच्या कपाटांत अजून सीडीवरच आहेत. त्यांचे काय होणार हे या रचनेवर अवलंबून आहे.

प्रथम थोडे गणित, आणि तेही आलेखाच्या वहीवर. समजा मला ३ आणि ५ या दोन संख्या तुमच्याकडे पाठवायच्या आहेत. मी (१, ३) आणि (२, ५) हे बिंदू मांडतो, त्यांतून जाणारी सरळ रेषा काढतो आणि तिच्यावरचे पुढचे दोन बिंदूही वाचतो. उत्तरे ७ आणि ९ येतात. मग मी तुम्हाला ३, ५, ७, ९ अशा चार संख्या पाठवतो. आता यांतल्या कोणत्याही दोन संख्यांवर शाई सांडली तरी बिघडत नाही. उरलेल्या दोन बिंदूंतून रेषा काढा, पुसलेल्या संख्या परत मिळतील. येथे शाई कोठे सांडली हे तुम्हाला दिसते आहे हे ध्यानात घ्या. हा प्रश्न ‘गाळलेल्या जागा भरा’ या जातीचा झाला.

दुसरा प्रकार अवघड. शाई सांडलेली नाही, पण एक संख्या चुकून बदलली आहे आणि कोणती ते ठाऊक नाही. अशा वेळी तीन बिंदू एका रेषेवर येतात, चौथा बाहेर पडतो, आणि दोषी सापडतो. म्हणजे त्याच दोन जादा संख्यांच्या बळावर गाळलेल्या जागा दोन भरता येतात, पण लपलेली चूक एकच दुरुस्त करता येते. चूक कोठे आहे हे शोधण्यातच अर्धे भांडवल खर्च होते. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून वर्गात हे एकदा करून पाहावे.

अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० साली जो छोटा लेख प्रसिद्ध केला त्यातली कल्पना हीच आहे. रेषेच्या जागी त्यांनी अधिक घाताच्या बहुपदी घेतल्या, आणि नेहमीच्या संख्यांच्या जागी मोजक्याच संख्यांचे असे अंकगणित घेतले की ज्यात भागाकार कधी अपूर्णांकात जात नाही. (या घराण्याचे जवळचे नातेवाईक असलेले संकेत त्याच सुमारास राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी शोधले. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव यायला हरकत नाही.) सीडीत अशा २५६ संख्यांचे अंकगणित वापरतात, म्हणजे एक संख्या बरोबर एका बाइटमध्ये मावते.

आता सीडीची मांडणी. आवाजाचे २४ बाइट घेतात. त्यांना चार जादा बाइट जोडून २८ करतात. या संकेताला सी-२ असे नाव आहे. मग त्या २८ बाइटांची विशिष्ट रीतीने पांगापांग करतात. पांगलेल्या बाइटांचे पुन्हा २८-२८ चे गट पाडून प्रत्येकाला आणखी चार बाइट जोडतात, म्हणजे ३२ झाले. हा संकेत सी-१. दोन्ही संकेत रीड-सॉलोमन जातीचेच, आणि दोन्हींची ताकद सारखीच : लपलेल्या चुका दोन, किंवा गाळलेल्या जागा चार. वाचताना क्रम उलटा. आधी सी-१, मग पांगलेले बाइट मूळ जागी आणणे, मग सी-२.

पांगापांग कशासाठी, ते मराठी शब्दांवरून पाहू. ‘फळ्यावर’, ‘खिडकीत’, ‘वर्गातून’, ‘शाळेतला’ हे चार-चार अक्षरांचे चार शब्द घ्या. ते सरळ ओळीत लिहिले आणि लागोपाठची चार अक्षरे खरवडली गेली, तर अख्खा ‘खिडकीत’ नाहीसा होऊ शकतो. त्याऐवजी आधी सगळ्यांची पहिली अक्षरे, मग सगळ्यांची दुसरी, असे लिहा : फ खि व शा, ळ्या ड र्गा ळे, व की तू त, र त न ला. आता दुसरा चौकडा पूर्ण पुसला गेला तरी शब्द जागेवर लावल्यावर फ-वर, खि-कीत, व-तून, शा-तला असे उरतात. ते चौथीतला मुलगाही पुरे करील. ओरखड्याने केलेले नुकसान तेवढेच आहे, पण ते चौघांनी वाटून घेतले. सीडीत एका सी-२ गटाचे २८ बाइट चार-चार चौकटींच्या अंतराने पसरलेले असतात. पहिला आणि शेवटचा यांत १०८ चौकटींचे अंतर पडते. तबकडीवर मोजले तर ही लांबी जवळजवळ दोन सेंटिमीटर होते.

येथपर्यंत बऱ्याच पुस्तकांत असते. ज्याची दाद द्यायला हवी ते यापुढे आहे, आणि नेमके तेच गाळले जाते.

सी-१ हा पहिला पहारेकरी. किरकोळ चुका, म्हणजे एखाद्या चौकटीत एखादा बाइट, तो जागच्या जागी निपटतो. पण ओरखड्यामुळे अख्खी चौकट बरबाद झाली तर ते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी तो काय करतो? तो दुरुस्तीचा प्रयत्न सोडून देतो आणि सगळ्या २८ बाइटांवर ‘हे संशयित’ अशी खूण करतो. बाइट जागेवर लावले की एका सी-२ गटाच्या वाट्याला अशा बरबाद चौकटीतला एकच बाइट येतो, आणि तो खुणेसह येतो. म्हणजे लपलेल्या चुकीचे गाळलेल्या जागेत रूपांतर झाले! आणि गाळलेल्या जागा सी-२ चार भरू शकतो. लागोपाठचे १६ गट वाया गेले तरी कोणत्याही सी-२ गटाला चारच्या वर फटका बसत नाही. तबकडीच्या मागावर ही लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. ज्या खड्ड्यांनी आवाज लिहिला आहे त्यांची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून त्याच्या तिप्पटीपर्यंत, हे लक्षात घेतले तर अडीच मिलिमीटर म्हणजे केवढे मोठे भगदाड आहे याची कल्पना येईल.

मला या रचनेचे कौतुक वाटते ते पहिल्या पहारेकऱ्याच्या ताकदीसाठी नव्हे; ती बेताचीच आहे. कौतुक आहे ते ‘मला हे जमत नाही’ असे स्पष्ट सांगण्याची सोय त्याला दिली म्हणून. कोणी विचारील, चार आणि चार असे आठ जादा बाइट दोघांत वाटण्यापेक्षा एकाच मोठ्या संकेताला का दिले नाहीत? कागदावर तो संकेत बलवान दिसतो : लपलेल्या चार चुका तो दुरुस्त करील. पण ते गणित सोडवणारी चिप १९८२ च्या घरगुती यंत्रात बसवणे अवघड आणि महागाचे, आणि धुळीच्या कणांनी केलेल्या फुटकळ चुका व ओरखड्याचे भगदाड या दोन वेगळ्या रोगांना तो एकाच औषधाने हाताळणार. ‘दोन दुबळे संकेत योग्य रीतीने जोडावे’ हा विचार तसा जुनाच. पीटर इलायस यांनी १९५४ मध्ये आणि डेव्हिड फोर्नी यांनी १९६६ मध्ये तो आपापल्या रीतीने मांडला होता. सीडीने तो स्वस्त घरगुती यंत्रात उतरवला.

आता एक बारकावा, ज्याकडे उत्साही लेखक दुर्लक्ष करतात. सी-१ ला लपलेल्या दोन चुका दुरुस्त करता येतात, म्हणून त्याने त्या कराव्यातच का? पुन्हा आलेखाची वही उघडा. ३, ५, ७, ९ पाठवले. वाटेत दोन संख्या बदलून ३, ४, ५, ९ पोहोचले. घेणारा पाहतो तो ३, ४, ५ एका रेषेवर, ९ बाहेर. तो मोठ्या आत्मविश्वासाने ९ खोडून ६ लिहितो. आधी दोन चुका होत्या, आता तीन झाल्या, आणि वर ‘दुरुस्त केले’ असा शिक्का! अतिउत्साही मुद्रितशोधक लेखकाचा बरोबर शब्द खोडून आपला घालतो, त्यातला हा प्रकार.

सीडीत याची शक्यता किती, हे बारावीच्या गणितात काढता येते. पूर्ण बरबाद झालेली ३२ बाइटांची चौकट सी-१ समोर आली, तर तपासणीची उत्तरे २५६ चा चौथा घात इतक्या, म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्रकारची येऊ शकतात. त्यांतली ‘एक बाइट चुकला’ असे दाखवणारी उत्तरे ३२ गुणिले २५५, म्हणजे ८१६०. म्हणून एकच चूक दुरुस्त करणारा सी-१ सव्वापाच लाखांत एकदा फसेल. दोन चुका दाखवणारी उत्तरे मात्र ४९६ गुणिले २५५ चा वर्ग, म्हणजे सव्वातीन कोटींच्या घरात. दोन चुकांपर्यंत दुरुस्ती करणारा सी-१ अशा १३३ चौकटींमागे एकदा फसेल, आणि फसलेल्या चौकटीवर संशयाची खूणही नसेल. म्हणजे एका चुकीऐवजी दोन दुरुस्त करण्याचा मोह धरला की फसगत जवळजवळ चार हजार पटींनी वाढते. जाणकार अभियंत्यांनी यावर मधला मार्ग काढला : दोन चुका दुरुस्त कराव्यात, पण त्या चौकटीवर खूण ठेवावी, म्हणजे सी-२ सावध राहील. मानकाने मात्र याबाबत काहीच बंधन घातलेले नाही. तबकडीवर लिहायचे कसे एवढेच त्यात ठरले आहे. वाचताना किती आणि कशी दुरुस्ती करायची हे प्रत्येक कारखानदारावर सोडले आहे. त्यामुळे एकच ओरखडलेली तबकडी एका प्लेअरवर नीट वाजते आणि दुसऱ्यावर अडखळते. दोष कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

येथून माझी तक्रार सुरू होते.

सी-२ चेही हात टेकले तर सीडी प्लेअर काय करतो? तो सारवासारव करतो. हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. आवाजाचा एखादा नमुना हरवला तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांची सरासरी काढून तो तेथे ठेवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. ही सोय मागाहून सुचलेली नाही. लागोपाठचे नमुने मुद्दाम एकमेकांपासून दूर लिहिलेले असतात, म्हणजे ओरखड्याने एक गेला तर शेजारचे शाबूत राहावेत. या सारवासारवीची मजल सात-साडेसात मिलिमीटरपर्यंत जाते. त्याही पलीकडे गेले तर क्षणभर शांतता.

संगीतापुरते हे क्षम्य आहे, किंबहुना चतुर आहे. गवयाचा सूर क्षणभर हलला तर तबलजी सांभाळून घेतो, तसेच. पण यंत्र हे सारे गुपचूप करते. बहुतेक घरगुती प्लेअरच्या तोंडावर गाण्याचा क्रमांक दिसे, वेळ दिसे; आतले पहारेकरी किती थकले आहेत हे दाखवणारा साधा दिवाही नसे. आत मात्र ही मोजणी चालूच असते. सी-१ ला किती चौकटींत चूक सापडली, सी-२ ने किती वेळा हात टेकले, हे आकडे कारखान्यातली तपासणी यंत्रे वाचतात. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवायचे नाहीत असेच जणू ठरले. ‘अचूक आवाज, कायमचा’ अशा थाटाची जाहिरात एकदा केल्यावर झिजेचा दिवा कोण लावील?

याचा परिणाम असा. जुनी ध्वनिफीत खराब होऊ लागली की खरखर वाढते आणि आपण वेळीच दुसरी प्रत करून घेतो. सीडी खराब होऊ लागली की काहीच होत नाही. सी-१ चे काम वाढते, मग सी-२ चे, मग सारवासारव वाढते; बाहेर सगळे आलबेल. आणि एके दिवशी मर्यादा ओलांडली जाते, तेव्हा प्रत करण्याची वेळ निघून गेलेली असते. घरी लिहिता येणाऱ्या तबकड्यांना हे विशेष लागू आहे. त्यांत छापील सीडीसारखे खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उष्णता, दमट हवा व ऊन यांनी उतरतो. कोकणातल्या शाळेच्या लोखंडी कपाटाचा विचार करा.

संगणकासाठी हीच तबकडी वापरायची ठरली तेव्हा ही खोट उघडी पडली. कारखान्याच्या हिशेबातल्या किंवा संगणकाच्या आज्ञावलीतल्या हरवलेल्या बाइटच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी ठेवून कसे चालेल? म्हणून सीडी-रॉममध्ये तिसरा पहारा बसवला. २३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात माहितीला २०४८ च दिले. २७६ बाइट आणखी एका दोषदुरुस्तीला, आणि ४ बाइट निव्वळ तपासणीला. हे शेवटचे चार मला सर्वांत आवडतात. ते काहीही दुरुस्त करत नाहीत. वरच्या सगळ्यांनी केलेले काम बरोबर आहे का, एवढेच पाहतात. जुळले नाही तर ‘वाचता येत नाही’ असे सांगून संगणक थांबतो. आपण त्याच्यावर चिडतो, पण संगीताच्या प्लेअरपेक्षा तो प्रामाणिक आहे.

हाच प्रश्न हार्ड डिस्कच्या जगात पुन्हा आला. १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी ‘रेड’ नावाची योजना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या आणि बेरजेसारखी जादा माहिती ठेवायची. एक डिस्क मेली तर उरलेल्यांवरून तिची माहिती परत मिळते. ही सरळ ‘गाळलेली जागा भरा’ झाली, कारण कोणती डिस्क मेली ते दिसते. पण डिस्क मेली नाही, तिने गुपचूप चुकीची माहिती दिली तर? मग बेरीज जुळत नाही एवढेच कळते, दोषी कोण ते कळत नाही. ही शंका पुस्तकी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली, तेव्हा डिस्कने बिनतक्रार दिलेली माहिती ताळ्याशी न जुळण्याचे प्रकार चार लाखांहून जास्त आढळले. २००५ मध्ये बाहेर आलेल्या झेडएफएस या साठवण प्रणालीने यावर उपाय केला : प्रत्येक खंडाचा ताळा त्या खंडाजवळ न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या खंडात ठेवला. विद्यार्थ्याचे गुण त्याच्याच वहीत न लिहिता हजेरीपटाजवळच्या यादीत लिहावे तसे. आता खोटे बोलणारा ओळखता येतो, त्याची जागा गाळलेली धरता येते, आणि बाकीचे काम जुनी बेरीज करते. सी-१ ची ती खूणच येथे वेगळ्या वेषात परत आली.

शाळेच्या कपाटातल्या सीडींची परीक्षा मात्र घरच्या घरी करता येईल, आणि ती करताना वर सांगितलेल्या दोषाचाच उपयोग होतो. संगीताची किंवा भाषणाची तबकडी दोन वेगवेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हवर वाचून तिच्या दोन प्रती संगणकात घ्याव्यात, दोन्हींच्या सुरुवाती जुळवून घ्याव्यात आणि त्या ताडून पाहाव्यात. दोन यंत्रे दुरुस्ती आणि सारवासारव वेगवेगळ्या प्रकारे करतात, त्यामुळे प्रती जेथे जुळणार नाहीत तेथे माहिती खरोखर हरवली आहे असे बहुधा समजावे. अशी तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसून पुन्हा वाचावी. नावाच्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक संरक्षणाला असते, वरच्या बाजूला पातळ लेपच असतो. आणि गोल गोल पुसू नये, कारण वर्तुळाच्या दिशेने पडलेला ओरखडा एकाच मागावर लांबवर चालतो, आणि अडीच मिलिमीटरची मर्यादा तोच सर्वांत आधी ओलांडतो.